गप्प राहणाऱ्यांची पटकथा

विजय तेंडुलकरांचं नाव निघालं की आपल्या महिला मंडळांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "फार मोठा लेखक हो." आणि त्याच दमात दुसरं, "पण आपल्याला नको बाई, फार हिंसा असते त्यांच्यात." हे दुसरं वाक्य मी हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात पाणी गाळून घेतात, कंदमुळं आत येत नाहीत, दिवस मावळायच्या आत ताटं उचललेली असतात, त्या घरानं पडद्यावरची मारहाण आणि खून कशासाठी बघायचे? प्रश्न सरळ आहे. त्याचं उत्तरही सरळ द्यायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हिंसेचं चित्र बघणं आपल्या परंपरेला वर्ज्य नाही. आपल्या इंदूरच्या इतवारिया बाजारात सर सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं कांच मंदिर आहे. तिथं पाप करणाऱ्याला नरकात कसल्या यातना होतात त्याची चित्रं आहेत, आणि नातवंडांच्या हाताला धरून आपण ती दाखवतो. पुराणात रावणाचा वध ऐकतो. भरत आणि बाहुबलीचं युद्ध तर कितीदा ऐकलं असेल. तेव्हा चित्रात हिंसा आहे की नाही, एवढ्यावर भागत नाही. ते बघून मनाला चटक लागते की धास्ती बसते, हे पाहावं लागतं. तेंडुलकरांच्या चित्रपटांची चटक लागलेलं माणूस माझ्या पाहण्यात नाही. ते बघून दोन दिवस अन्न गोड न लागलेल्या बायका मात्र मला माहीत आहेत.

तेंडुलकरांच्या नाटकांबद्दल ढीगभर लिहिलं गेलं आहे. 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' यांवरून झालेले वादही सगळ्यांना माहीत आहेत. मला बोलायचं आहे ते पटकथाकार तेंडुलकरांबद्दल. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींनी त्यांची नाटकं पाहिलेली नाहीत, पण 'उंबरठा' पाहिलेला आहे, 'मंथन' टीव्हीवर पाहिलेला आहे. हे दोन्ही एकाच माणसानं लिहिले, हे मात्र ध्यानात नसतं.

तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८चा. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या, नाटकं लिहिली. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा चित्रपट केला, आणि त्यानंतरच्या बारा वर्षांत तेंडुलकरांच्या हातून ओळीनं पटकथा आल्या : 'सामना' (१९७४), 'निशांत' (१९७५), 'मंथन' (१९७६), 'सिंहासन' (१९७९), 'आक्रोश' (१९८०), 'उंबरठा' (१९८२), 'अर्धसत्य' (१९८३). मराठीत दिग्दर्शक जब्बार पटेल, हिंदीत श्याम बेनेगल आणि गोविंद निहलानी. 'मंथन'च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'आक्रोश' आणि 'अर्धसत्य'ला फिल्मफेअर. याच सत्तरच्या दशकात त्यांनी नेहरू फेलोशिप घेऊन समाजात वाढत चाललेल्या हिंसेचा अभ्यास केला. म्हणजे हिंसा हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता, हे लक्षात ठेवलं पाहिजे. वैद्य रोगाचा अभ्यास करतो म्हणून त्याला रोग आवडतो असं कुणी म्हणत नाही.

आता पटकथा म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हिंदी चित्रपटांत संवाद लिहिणारा पुष्कळदा वेगळा असतो. 'निशांत' आणि 'आक्रोश'चे संवाद सत्यदेव दुबे यांचे आहेत, 'मंथन'चे कैफी आझमींचे, 'अर्धसत्य'चे वसंत देवांचे. म्हणजे पात्रं जे बोलतात त्यातले शब्द तेंडुलकरांचे नाहीत. मग तेंडुलकरांचं काय उरलं? कुठल्या प्रसंगानंतर कुठला प्रसंग, कोण कुठं उभं आहे, कुणाला काय ठाऊक आहे, आणि ठाऊक असून कोण गप्प आहे, हे सगळं उरलं. संवाद काढून घेतल्यावरसुद्धा ज्याची सही चित्रपटावर स्पष्ट दिसते असा हा लेखक. आणि ती सही कुठं दिसते म्हणाल, तर गप्प राहणाऱ्यांत.

दसलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सहाव्या अध्यायात आस्रवाचा विचार येतो, आणि तिथं हिशेब मांडलेला आहे. कुठल्याही कृत्याच्या तीन पायऱ्या : मनात ठरवणं, साधनं जमवणं, प्रत्यक्ष सुरू करणं. ते घडतं मनानं, वाणीनं किंवा शरीरानं. ते आपण स्वतः करतो, दुसऱ्याकडून करवतो किंवा दुसऱ्यानं केलेल्याला मनातून मान्यता देतो. आणि मागं चार कषाय असतात : क्रोध, मान, माया, लोभ. तीन गुणिले तीन, गुणिले तीन, गुणिले चार. एकशेआठ. माळेचे मणी एकशेआठ का, याचं जे कारण घरोघरी सांगतात ते हेच. आता यातला एक तृतीयांश भाग, म्हणजे छत्तीस मणी, अनुमोदनेचे झाले. आपल्या हातून घडलं नाही, आपण करवलंही नाही, फक्त होऊ दिलं. त्यासाठी छत्तीस.

तेंडुलकरांनी आपल्याकडची ही मोजणी वाचली होती की नाही, त्याच्याशी मला कर्तव्य नाही. पण त्यांच्या पटकथा बघताना मला हे छत्तीस मणीच आठवतात.

'सामना' घ्या. हिंदुराव पाटील हा साखरपट्ट्यातला सर्वेसर्वा, निळू फुलेंनी उभा केलेला. गावात एक दारूडा म्हातारा मास्तर येतो, डॉ. श्रीराम लागूंचा. कधीकाळचा स्वातंत्र्यसैनिक. त्याच्या कानावर मारुती कांबळेचं नाव पडतं आणि तो एकच गोष्ट विचारत सुटतो, की या माणसाचं झालं काय. बस, एवढ्यावर चित्रपट उभा आहे. खून पडद्यावर आधी घडत नाही. तो घडून गेलेला आहे. आपण बघतो ते एवढंच, की गावाला माहीत आहे आणि गाव बोलत नाही. पाटलाचा वाडा, त्याचा पाहुणचार, त्याचा दिलदारपणा, सगळं दाखवलं आहे. असा माणूस आपल्या घरी जेवायला आला तर आपण त्याला आग्रहानं वाढू. अनुमोदना ही अशी पंगतीत बसून होते, हे तेंडुलकरांना नीट कळलेलं होतं.

'निशांत' त्याहून कडक. काळ १९४५चा, मुलूख तेलंगणातला. सुरुवातीला देवळातले दागिने चोरीला जातात. ते कुणाचं काम, याचा अंदाज पुजाऱ्याला येतो, पण तो तोंड उघडत नाही. आणि मग तेच लोक, म्हणजे जमीनदाराचे भाऊ, नव्यानं आलेल्या शाळामास्तरची बायको सुशीला हिला घरातून उचलून नेतात. सगळ्या गावासमोर. मास्तर दारोदार फिरतो, पोलीस, अधिकारी, वकील, कुणी हात लावत नाही. पटकथेची मांडणी पाहा : आधी देवाचे दागिने, मग माणसाची बायको. पहिल्या वेळी गप्प बसलेल्यांनी दुसऱ्या वेळेची वाट मोकळी करून दिली. तेंडुलकर कुणाच्या तोंडी उपदेश घालत नाहीत. दोन प्रसंग एकापुढं एक ठेवतात आणि बाजूला होतात.

शेवटी गाव उठतं. आणि इथं जैन वाचकानं थांबून बघावं असं काही आहे. गृहस्थाला विरोधी हिंसेची मोकळीक आपला धर्म काही मर्यादेत देतो. अंगावर आलेल्याला अडवणं हे ठरवून केलेल्या हिंसेसारखं मानलेलं नाही. मग गावानं जमीनदाराला मारलं ते योग्य झालं का? तेंडुलकर उत्तर देतात, पण वेगळ्या वाटेनं. जमाव जमीनदाराच्या घरातल्या रुक्मिणीलाही मारतो, जिचा काहीच दोष नाही. आणि ज्या सुशीलेसाठी हे सगळं सुरू झालं, तीही त्यातच मरते. पुष्कळ दिवस गिळलेला राग बाहेर पडला की तो माणसं निवडत नाही. गप्प बसणं ही अहिंसा असती, तर तिच्या पोटी असलं काही जन्मलं नसतं.

आता 'आक्रोश'. लहान्या भिकू हा आदिवासी. बायको नागीच्या खुनाचा आरोप त्याच्यावरच आहे. तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं ते गावातल्या बड्या लोकांनी. त्याच्या बाजूनं कोर्टानं दिलेला तरुण वकील जीव तोडून विचारतो, आणि लहान्या बोलत नाही. जवळजवळ अख्ख्या चित्रपटात ओम पुरी बोलत नाहीत, नुसते बघतात. संवाद दुसऱ्यानं लिहायचे असताना नायकाला मुका ठेवायचा, हे धाडस तेंडुलकरांनाच सुचावं.

आपल्याकडे मौन हे तप आहे. तोंड आवरणं, शब्दानं कुणाला दुखवू नये म्हणून गप्प राहणं. 'आक्रोश' बघून मला मौनाचे आणखी दोन प्रकार दिसले. एक लहान्याचं. बोललो तर उरलेल्या माणसांचे हाल होतील म्हणून तो गप्प आहे. त्या मौनाची किंमत तो स्वतः फेडतो. दुसरं गावातल्या प्रतिष्ठितांचं. त्यांच्या मौनाची किंमत लहान्या फेडतो. बाहेरून दोन्ही सारखीच शांत दिसतात. कुणाच्या मौनाचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, एवढं विचारलं की दोन्ही वेगळी होतात. आपल्या समाजात, आपल्या घरांत, "जाऊ दे, शांत राहा" असं आपण एकमेकींना फार सहज सांगतो. सांगताना हा प्रश्न विचारत जावा असं मला या चित्रपटामुळं वाटायला लागलं.

आणि याच चित्रपटावर माझा सगळ्यांत मोठा आक्षेपही आहे. शेवटी बापाच्या अंत्यविधीला लहान्याला बेड्या घालून आणतात. तिथं बहिणीकडं वळलेली वाईट नजर त्याला दिसते, आणि तो कुऱ्हाड उचलून बहिणीलाच मारतो. मग आभाळ फाटावं तसा ओरडतो. चित्रपटाचं नाव त्या ओरडण्यावरून आहे. बघणारा त्या आवाजानं इतका हादरतो, की ती मुलगी कोण होती, तिला काय हवं होतं, तिनं कधी काही म्हटलं का, हे विचारायचं राहूनच जातं. समीक्षकांनी लहान्याच्या असहायतेबद्दल भरपूर लिहिलं. पण भावानं बहिणीचा जीव तिच्याच भल्यासाठी घ्यावा, यात तिला विचारायचा प्रश्नच कुणाला पडू नये? हीसुद्धा हिंसाच आहे, आणि तिला पटकथेत पुरेशी जागा नाही. नागी तर जिवंतपणी आपल्याला आठवणींतच भेटते. तेंडुलकर बाईवरची हिंसा निर्भीडपणे दाखवतात, पण या कथेत बाई ही हिंसा मोजायचं माप होऊन बसते. 'निशांत'मध्ये सुशीला देवळात नवऱ्याला जाब विचारते, तेवढ्यापुरती ती स्वतःची असते. 'आक्रोश'मध्ये तेवढंही नाही.

'अर्धसत्य' पोलिसाची गोष्ट, श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून. फौजदार अनंत वेलणकरला आपण रागीट, प्रामाणिक नायक म्हणून लक्षात ठेवतो. पण पटकथेचं मूळ त्याच्या बालपणात आहे. बाप आईला मारायचा आणि पोरगा बघत उभा राहायचा. करता काही आलं नाही. तो न थांबवलेला हात पुढं त्याच्या स्वतःच्या हातात उतरतो. कोठडीत एका भुरट्या चोराला तो मरेपर्यंत मारतो, आणि त्यातून सुटण्यासाठी ज्या रामा शेट्टीचा त्याला तिटकारा, त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. क्रोध आणि मान, दोन कषाय एकाच छातीत. अशा वेळी मला बाहुबली आठवतो. मल्लयुद्धात भरताला उचलून वर धरलेलं आहे, आपटायचा तेवढा बाकी आहे, आणि तिथं तो थांबतो, भावाला खाली ठेवतो. वेलणकर शेट्टीचा गळा धरतो तेव्हा थांबत नाही. त्याला थांबायला शिकवणारं त्या घरात, त्या खात्यात, त्या शहरात कुणी नव्हतंच. ज्योत्स्ना, स्मिता पाटीलनी केलेली, एकटीच त्याच्या हातांकडं बघून दूर होते. मला तिचं दूर होणं या चित्रपटातली सगळ्यांत शहाणी गोष्ट वाटते.

कुणी म्हणेल, या लेखकाला चांगलं काही दिसतच नाही का? म्हणून 'मंथन'. गुजरातेतल्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा चित्रपट काढला. २०२४ साली दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. शहरातला डॉक्टर राव गावात सहकारी संस्था उभी करायला येतो, खाजगी डेअरीवाला मिश्रा आडवा येतो, जातीची भांडणं वर येतात. शेवटी डॉक्टर हरल्यासारखा निघून जातो. पण भोला, जो आधी संस्थेच्या विरोधात होता, तोच ती पुढं चालवतो. इथं कुणी कुऱ्हाड उचलत नाही, तरी अन्याय करणारा मागं हटतो, कारण गप्प बसणारे एकेक करून रांगेत येऊन उभे राहतात. दुधाची बरणी घेऊन रांगेत उभं राहणं हीसुद्धा अनुमोदना मागं घ्यायची रीत आहे. 'निशांत' आणि 'मंथन' एकामागोमाग एका वर्षाच्या अंतरानं आले. दोन्ही एकत्र बघा म्हणजे कळेल, तेंडुलकर निराश माणूस नव्हता.

आणि 'उंबरठा'. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून. आपल्यासाठी हाच सगळ्यांत जवळचा, आणि मला विचाराल तर 'आक्रोश'वरच्या माझ्या आक्षेपाला तेंडुलकरांनीच दिलेलं उत्तर. इथं बाई कुणाचं माप नाही. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली. नवरा वकील, सासू समाजकार्य करणारी. घरात कुणी तिच्यावर हात उगारत नाही. ती स्त्रियांच्या सुधारगृहात अधीक्षक म्हणून परगावी जाते. तिथला भ्रष्टाचार, तिथल्या बायकांचे हाल बघते, आणि कार्यकारिणीतल्या मंडळींना ते बोललेलं चालत नाही. सभ्य, समाजसेवा करणारी मंडळी. देणगी देणारी. त्यांनी कुणाला मारलेलं नाही, मारवलेलंही नाही. छत्तीस मण्यांवर मात्र त्यांचा हात फिरत असतो. सुलभा राजीनामा देऊन घरी परत येते, तर घरानं तिच्याशिवाय जगायची सवय करून घेतलेली असते. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे, आणि ते तो शांतपणे, जवळपास समजूतदारपणे सांगतो. सुलभानं समजून घ्यावं एवढीच त्याची अपेक्षा. म्हणजे काय, तर तिची अनुमोदना हवी.

ती देत नाही. आरडाओरडा करत नाही, कुणाला शापही देत नाही. उंबरठा ओलांडून निघून जाते. एवढ्या पटकथांत रक्त सांडून झाल्यावर तेंडुलकरांच्या हातून इतका अहिंसक नकार लिहिला गेला, तो एका गृहिणीच्या वाट्याला आला, आणि तो आपल्या पाहण्यात पुरेसा आला नाही याचं मला वाईट वाटतं. चित्रपट आला तेव्हा "मुलगी टाकून गेली" एवढंच पुष्कळ जणी बोलल्या. मुलीचं दुःख खरं आहे, ते पटकथेनंही लपवलेलं नाही. पण ती काय नाकारून गेली, हेही बोलायला हवं होतं.

तेव्हा "आपल्याला नको बाई, फार हिंसा असते," याला माझं उत्तर असं : पाणी गाळतो ते त्यातले डोळ्याला न दिसणारे जीव वाचावेत म्हणून. न दिसणाऱ्या हिंसेची इतकी काळजी घेणाऱ्या समाजाला हा लेखक परका वाटायचं कारण नाही. त्याचंही काम तेच होतं. येत्या दसलक्षणात सहावा अध्याय ऐकून झाला की, सुनांना आणि मुलींना बरोबर बसवून 'उंबरठा' लावा. 'आक्रोश' नंतर कधीतरी बघा, दिवसाउजेडी, आणि एकट्यानं बघू नका.